क्रोशाची झालर शिकताय? वळणारी वेल, गोल फूल की सरळ रांगांचा तुकडा, आधी काय घ्यायचं

क्रोशाचा गोल रुमाल विणताना टाके जास्त पडले की कड टेबलावर सपाट बसत नाही, लाटा येतात, आणि माझी आजी असा रुमाल बघितला की लगेच उसवायला लावायची. हायपरबोलिक क्रोशे म्हणजे तीच वाढ, फक्त मुद्दाम आणि मोजून केलेली. सपाट गोलात सिंगल क्रोशेने, म्हणजे साध्या बुटक्या टाक्याने, विणताना दर फेरीला साधारण 6 टाके वाढतात, 6, 12, 18, 24 असं. इथे मात्र जेवढे टाके आहेत त्यांच्या प्रमाणात वाढवत जायचं, मग कडेला मावायला जागाच उरत नाही आणि ती वरखाली वळायला लागते, कोंबड्याच्या फुलाची कड असते ना अगदी तशी.

आता सुरुवात कशाने करायची. मला तीनच पर्याय खरे वाटतात.

ज्यांनी आजवर सुईच धरली नाहीये त्यांनी वेल घ्यावी, ह्यात मला जराही शंका नाही. 30 साखळ्या सैल हाताने घालायच्या, चौथ्या साखळीपासून प्रत्येकीत 3 डबल क्रोशे, म्हणजे घरी ज्याला खांब म्हणतात ते, बस एवढंच. 30 साखळ्यांच्या लांबीत 80 च्या वर टाके कोंबले गेले की पट्टी आपोआप स्प्रिंगसारखी वळते, कुठे जोडायचं नाही, फेरी कुठे संपली ते शोधायचं नाही. एका बैठकीत होते. साखळी घट्ट घातली तर मात्र तिच्यात 3 टाके घालताना सुई आत जातच नाही आणि नवीन माणूस तिथेच कंटाळतो, म्हणून फक्त साखळीसाठी एक नंबर मोठी सुई घ्या. उणी बाजू एवढीच की वेलीत वाढ एकदाच होते, पुढे रांगा वाढत गेल्या की झालर कशी फुलत जाते ते तुम्हाला दिसत नाही, आणि खरी मजा तर त्यातच आहे.

ती मजा गोलात येते. सिंगल क्रोशे जमत असेल आणि मॅजिक रिंग, म्हणजे मधोमध ओढून बंद होणारा सुरुवातीचा फास, करता येत असेल तर सरळ गोल फूल घ्या, पण वाढ किती ठेवायची ह्यावर सगळं अवलंबून आहे. बरेच व्हिडिओ प्रत्येक टाक्यात 2 घाला असं सांगतात. सांगायला सोपं आहे, पण आकडे बघा: 6, 12, 24, 48, 96, 192, 384. सातव्या फेरीत सपाट रुमालाला 42 टाके लागतात आणि इथे 384! छोटा, गच्च, समुद्रातल्या प्रवाळासारखा गोळा तयार होतो, दिसतो सुंदर, पण शेवटच्या फेऱ्यांत सुई कुठून घालायची तेच कळत नाही, पहिल्यांदा करणाऱ्याचा हात दुखतो आणि काम अर्धवट राहतं.

त्यापेक्षा 3 चे 4 करा. म्हणजे दोन टाक्यांत एकेक, तिसऱ्यात दोन, आणि हेच गोल गोल म्हणत राहायचं, फेरी बंद न करता. इथे एक गोष्ट कोणी नीट सांगत नाही म्हणून मी सांगते, अगदी मधल्या 6 टाक्यांपासूनच हे प्रमाण लावलं तर वाढ कमी पडते आणि लाटांऐवजी वाटी तयार होते. म्हणून आधी सपाट गोल करायचा, 6, 12, 18, आणि 18 वर आलात की मग 3 चे 4 सुरू. पुढे 24, 32, 43, 57, 76 अशी वाढ जाते (एखादा टाका इकडेतिकडे झाला तरी काही बिघडत नाही), आणि सहाव्या-सातव्या फेरीला कड हलायला लागते. 6 चे 7 करायचे असतील तर तोच सपाट गोल 36 पर्यंत न्यावा लागतो, झालर मोठी आणि मऊ पडते, पण वाट फार बघावी लागते. नवीन माणसाला मी तरी हे सुचवणार नाही.

तिसरा पर्याय सरळ रांगांचा, खास गणितासाठी. 20 साखळ्या, प्रत्येक रांगेत 5 चे 6, रांग संपली की उलटं फिरून परत. कॉर्नेल विद्यापीठातल्या लॅटव्हियन गणितज्ञ दाइना ताइमिना ह्यांनी 1997 साली हायपरबोलिक प्रतल (गणितातला असा पृष्ठभाग, जो बाहेर जाताना सपाट कागदापेक्षा जास्त पसरत जातो) पहिल्यांदा क्रोशाने विणलं कारण त्याआधीची कागदी पट्ट्यांची मॉडेल्स फार नाजूक, हाताळली की फाटायची. विणलेला तुकडा घडी घालून सरळ रेषा दाखवता येते, रंगीत दोऱ्याने त्यावर त्रिकोण शिवता येतो आणि त्याच्या कोनांची बेरीज 180 अंशांपेक्षा कमी भरते. घरात कॉलेजला गणित शिकणारं किंवा शिकवणारं कोणी असेल तर हेच करा. शोभेसाठी हवं असेल तर गोलच बरा. 2005 पासून मार्गारेट आणि क्रिस्टिन वर्थाइम ह्या बहिणींनी लोकांकडून विणून घेऊन जे प्रवाळ उभे केले त्यातही मोजणी मुद्दाम सैल सोडलेली असते, म्हणूनच ते इतके जिवंत दिसतात.

लोकर कुठली? साधी 4 प्लाय अ‍ॅक्रिलिक, फिकट रंगाची, म्हणजे टाके दिसतात, आणि सुई 3.5 मिमीची. मऊ मखमली लोकर अजिबात नको, त्यात टाके मोजताच येत नाहीत आणि झालर लोळते. कॉटन ताठ उभं राहतं पण हाताला जड जातं, ते दुसऱ्या फुलाला ठेवा. आणि व्हिडिओ ब्रिटिश आहे का ते आधी बघा, कारण आपण ज्याला सिंगल क्रोशे म्हणतोय त्याला ते लोक डबल म्हणतात, सगळंच मोजमाप चुकतं.

एवढं ऐकूनही दुपटीचंच फूल करायचं असेल आणि शेवटची फेरी वेगळ्या रंगात हवी असेल तर दुसऱ्या रंगाचा छोटासा गुंडा पुरणार नाही. 384 टाक्यांची ती एक फेरी आधीच्या सगळ्या फेऱ्या मिळून होतात त्यापेक्षाही 6 टाक्यांनी मोठी असते, म्हणजे निम्मी लोकर एकट्या कडेलाच जाते, तेव्हा सुरू करण्याआधी दोन्ही रंग स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून सारखे घ्या.