वेल्डपाँड घ्यावा की ताबोराचा हत्ती?

युद्धात सरकार शेवटच्या घटका मोजत असताना पाडलेलं सोन्याचं नाणं कलेक्शनमध्ये हवंच असं डोक्यात बसलं ना, की गाडं बहुतेक या दोघांवर येऊन अडतं. दक्षिण आफ्रिकेतल्या डच वंशाच्या बोअर लोकांचा वेल्डपाँड (1902) आणि जर्मन पूर्व आफ्रिकेचे (आजच्या टांझानियाकडचा भाग) ताबोरा गावात पाडलेले 15 रुपये (1916).

वेल्डपाँडची गोष्ट भारी आहे. राजधानी प्रिटोरिया 1900 मध्येच इंग्रजांनी घेतलं होतं, ट्रान्सवाल या बोअर राज्याचं सरकार रानोमाळ फिरत होतं, आणि पिल्ग्रिम्स रेस्ट या गावी क्लॉपर्स नावाच्या शाळामास्तरने साध्या वर्कशॉपात जवळजवळ शुद्ध सोन्याची ही नाणी पाडली, एकूण फक्त 986. 31 मे 1902 ला तह झाला, विषय संपला. दिसायला मात्र अगदीच साधं, एकीकडे झेडएआरची (त्या राज्याच्या नावाची आद्याक्षरं) गुंफलेली अक्षरं नि साल, दुसरीकडे नुसतं 'एन पाँड'.

ताबोराचं नाणं बघितल्याबरोबर आवडतं, सोंड उंचावलेला हत्ती, मागे डोंगर. पहिल्या महायुद्धातल्या नाकेबंदीमुळे जर्मनीहून नाणी येईनात म्हणून रेल्वेच्या वर्कशॉपात सेकेंके खाणीचं सोनं वापरून 16,198 काढली, 18 कॅरेट, 7.168 ग्रॅम. सप्टेंबर 1916 मध्ये बेल्जियन सैन्याने ताबोरा घेतलं. आणि हो, जर्मनांचं नाणं 'रुपये' का, तर त्या किनाऱ्यावरचा व्यापार आधीपासून आपल्याच रुपयात चालायचा! मुंबईच्या टांकसाळीनेही 1918 मध्ये सोन्याचे 15 रुपये पाडले होते, पण ते भक्कम सरकारचं नाणं, त्याला ही मजा नाही.

आता पैशांचं. ताबोरा बरं मिळालं तरी काही हजार डॉलर, वेल्डपाँड त्याच्या कितीतरी वर आणि बाजारात येतोच क्वचित. अमेरिकेतल्या बंडखोर राज्यांच्या ताब्यात असताना डालोनेगाच्या टांकसाळीत पाडलेला 1861 चा सोन्याचा डॉलरही लोक सुचवतात, पण साचे जुनेच, त्यावर बंडखोरांची काही खूणच नाही, मला तरी तो फिका वाटतो.

माझं मत विचाराल तर पहिलं नाणं ताबोराच घ्या, उद्या विकायला काढलं तर गिऱ्हाईक मिळेल. नाण्यावरच्या 'OSTAFRIKA' या शब्दातल्या 'ए' खाली नक्षीचं टोक असलेली 6,395 च आहेत, 'टी' खालची 9,803, तरी तेवढ्यासाठी जास्त पैसे मोजू नका. वेल्डपाँड खूप बजेट असेल तरच. दोन्हीच्या नकली फिरतात म्हणून एनजीसी किंवा पीसीजीएस या नाणी तपासणाऱ्या कंपन्यांच्या स्लॅबमधलंच (सीलबंद डबीतलं) बघा, आणि ताबोरा सुटं घेत असाल तर वरची कड भिंगाखाली तपासा, पेंडंटची कडी काढून घासलेली बरीच निघतात.