‘जुन्या मुख्यालयातला प्लॉट’: कॅन्ससमधल्या स्वस्त जमिनीच्या जाहिरातींपासून सावध

पश्चिम कॅन्ससमधले प्लॉट कवडीमोलाने विकणारी एक कंपनी सध्या कॅन्ससमधल्या भारतीयांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर जोरात आहे. मी त्यांच्याकडून प्लॉट घेतला आणि पैसे बुडाले. तक्रार चालू आहे, म्हणून नाव लिहीत नाही. पण त्यांची पद्धत नीट सांगतो, कारण इथल्या विचिटा शहरातल्या आपल्याच मंडळींपैकी काहीजण बोली लावायच्या बेतात आहेत.

जाहिरातीत ढासळलेल्या दगडी भिंतींचा फोटो. खाली मजकूर असा, की हे एकेकाळचं काउंटीचं (म्हणजे जिल्ह्याचं) मुख्यालय, कोर्ट इथेच भरायचं, ऐतिहासिक गावात जागा घ्यायची दुर्मिळ संधी. क्रेडिट तपासणी नाही, हप्त्याने भरा. लिलावात बोली अगदी किरकोळ रकमेवर सुटते. मग ‘कागदपत्रांचा खर्च’ म्हणून बोलीच्या कितीतरी पट आकडा येतो. त्यांचा धंदा त्या खर्चावर चालतो, जमिनीवर नाही.

भिंती खऱ्या आहेत. त्या राव्हॅनाच्या. हे गाव खरंच काउंटीचं मुख्यालय होतं, आणि कसं, ते कळलं असतं तर जाहिरातदाराने तो फोटो लावलाच नसता.

1880च्या दशकात कॅन्ससच्या पश्चिम भागात गावं वसवणं हा धंदा होता. चार-पाचजण मिळून टाउन कंपनी काढायची, माळरानावर चौकोन आखायचे, रस्त्यांना नावं द्यायची आणि प्लॉट विकायचे. गाव मुख्यालय झालं की वकील, हॉटेलवाले, छापखानेवाले आपोआप येणार. होमस्टेडच्या, म्हणजे सरकारने वसाहतीसाठी दिलेल्या, 160 एकरांवर पक्का हक्क मिळवायला शेतकऱ्याला वर्तमानपत्रात नोटीस द्यावी लागायची, तेवढ्यावर छापखाना निघायचा. म्हणजे प्लॉटची किंमत जमिनीत नव्हती. कोर्ट कुठे भरणार यात होती. साहजिकच त्यावरून मारामाऱ्या व्हायच्या.

1887 मध्ये गारफील्ड काउंटी झाली, तेव्हा राव्हॅना आणि जवळचं एमिनन्स समोरासमोर उभी राहिली. मतदानाच्या वेळी शांतता राखायला डॉज सिटीकडचा गाजलेला बंदूकबाज पोलीस अधिकारी बॅट मास्टरसन माणसं घेऊन आला होता. राव्हॅना 35 मतांनी जिंकलं आणि एमिनन्सवाले बोगस मतदानाची तक्रार घेऊन कोर्टात गेले. राव्हॅनात दगडी कोर्ट उभं राहिलं, आणि 1889 मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने निकाल एमिनन्सच्या बाजूने दिला. मुख्यालय हललं. ज्यांनी कोर्टाशेजारी म्हणून चढ्या भावाने प्लॉट घेतले होते, त्यांच्याकडे माळरान उरलं.

आता एमिनन्सवाल्यांची तरी चांदी व्हायला हवी होती. पण कॅन्ससच्या राज्यघटनेनुसार काउंटी 432 चौरस मैलांपेक्षा लहान चालत नाही. मोजणी झाली, गारफील्ड त्याहून थोडी कमी भरली, आणि 1893 मध्ये काउंटीच रद्द होऊन तो भाग फिनी काउंटीत गेला. मुख्यालयासाठी भांडणारी दोन गावं, आणि ज्याचं मुख्यालय व्हायचं ती काउंटीच गायब! रेल्वे आलीच नाही, वर दुष्काळ. दोन्ही गावं ओस पडली.

ही निदान माणसं राहत असलेली गावं होती. त्याआधी 1873 मध्ये हार्पर काउंटी ज्या टोळीने ‘स्थापन’ केली, तिने तर रहिवाशांची नावं सिनसिनाटी शहराच्या डिरेक्टरीतून उतरवली. मुख्यालय ठरवलं, काउंटीच्या नावाने बाँड (कर्जरोखे) काढले, विकले, पसार झाले. त्याच वर्षी जवळच्याच कोमांची काउंटीच्या नावावर 72,000 डॉलरचे बाँड निघाले: कोर्टासाठी, पुलांसाठी, किरकोळ खर्चासाठी. कोर्ट नाही, पूल नाही, राहणारं जवळपास कुणीच नाही. प्रकरण अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. 1890 मध्ये निकाल लागला की राज्याने काउंटीला मान्यता दिलेली आहे, तेव्हा बाँड खरे. भुर्दंड कुणाला, तर नंतर प्रामाणिकपणे येऊन राहिलेल्या शेतकऱ्यांना.

आता माझा प्लॉट. राव्हॅनाच्या आसपासही नाही. वेगळ्याच काउंटीत, दोन शेतांच्या मधली उरलेली पट्टी. रस्ता नाही, पाणी नाही, घर बांधण्याइतकी रुंदी नाही. जाहिरातीत पार्सल नंबर (जमिनीच्या तुकड्याचा सरकारी क्रमांक) बरोबर दिला होता, शब्द मात्र फोटोतल्या गावाचे. फोनवर विचारलं तर उत्तर आलं, ‘याच परिसराचा इतिहास आहे.’ परिसर म्हणजे किती मैल, ते त्यांनी सांगितलं नाही.

कागद मिळाला तो क्विटक्लेम डीड. विकणाऱ्याचा जो काही हक्क असेल तो तुमचा, आणि त्याचा काहीच नसेल तर तुमचंही काही नाही, हमी शून्य. रजिस्टर ऑफ डीड्स, म्हणजे काउंटीच्या खरेदीखत नोंदणी अधिकाऱ्याच्या कार्यालयात तो नोंदवला जातो, पण मालकी खरी की खोटी हे तिथे कुणी तपासत नाही. ‘सरकारी शिक्का आहे’ असं विक्रेता सांगतो, त्यात एवढंच तथ्य. कित्येक वर्षांचा थकलेला मालमत्ता कर माझ्या पट्टीवर निघाला, आणि नोटीस आता माझ्या नावाने येते.

बोली लावण्याआधी पार्सल नंबर घेऊन त्या काउंटीच्या ट्रेझररला (कर गोळा करणाऱ्या खजिनदाराला) फोन करा आणि कर किती थकलाय ते विचारा. मालक म्हणून कुणाचं नाव लागलंय ते रजिस्टर ऑफ डीड्सकडे पाहा. काउंटीच्या ऑनलाइन नकाशावर तुकडा शोधा, त्याला रस्ता लागतो का बघा. वॉरंटी डीड (मालकीची हमी देणारं खरेदीखत) आणि टायटल इन्शुरन्स (मालकीत खोट निघाली तर भरपाई देणारा विमा) मागा. इथे विक्रेता बहुतेक फोन ठेवतोच. मला ट्रेझररच्या कार्यालयातल्या बाई म्हणाल्या, ‘याच पट्टीबद्दल विचारणारे तुम्ही पहिले नाही.’ ती आधीही विकली गेली होती, दर वेळी नव्या कुणालातरी.

राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलच्या ग्राहक विभागाकडे तक्रार दिली आहे. कार्डाने भरलेली रक्कम बँकेने परत मिळवून दिली, मनीऑर्डरने पाठवलेला खर्च नाही. गेल्या आठवड्यात तीच जाहिरात पुन्हा ग्रुपवर आली. कंपनीचं नाव नवं, मजकूर शब्दशः तोच, फोटो मात्र दुसऱ्याच एका ओस गावाचा. कुणी ती पुढे पाठवली तर त्याखाली हे चिकटवा.