घरच्या समारंभात मुलांचे फोटो : कॅननची ५० मिमी एफ १.८ एसटीएम लेन्स

घरगुती समारंभात मुलांना उभे न करता, "इकडे बघ" असे न म्हणता त्यांचे फोटो काढायचे असतील, तर कॅननच्या ईएफ ५० मिमी एफ १.८ एसटीएम या लेन्सइतका खर्चाच्या मानाने उपयोगी पर्याय मला माहीत नाही. २०१५ साली बाजारात आलेली ही लेन्स जेमतेम १६० ग्रॅम वजनाची आहे. नागपुरात आमच्या नात्यागोत्यातील बारसे, बोरन्हाण, तान्हा पोळा अशा प्रसंगी मी ती एपीएस-सी, म्हणजे फुल-फ्रेमपेक्षा लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर वापरत आले आहे.

तिचा सर्वांत मोठा गुण म्हणजे तिच्यामुळे फ्लॅशची गरज उरत नाही. बोरन्हाण बहुधा संध्याकाळी, दिवाणखान्यातील ट्यूबलाइटच्या उजेडात होते. काळे झबले आणि हलव्याचे दागिने घातलेल्या बाळाच्या डोक्यावरून बोरे, मुरमुरे, उसाचे तुकडे आणि गोळ्या ओतल्या, की भोवतीची मुले क्षणात सतरंजीवर तुटून पडतात. त्यांचे हात स्थिर दिसायला १/२५० सेकंदाचा शटर वेग तरी हवा. एफचा आकडा जितका लहान, तितके लेन्सचे छिद्र मोठे. कॅमेऱ्यासोबत येणारी १८-५५ मिमी लेन्स ५५ मिमीच्या टोकाला एफ ५.६ पर्यंतच उघडते. ही लेन्स तिच्या सुमारे दहापट प्रकाश आत घेते. फ्लॅश एकदा उडाला की खेळ थांबतो, मुले कॅमेऱ्याकडे वळतात आणि ठरलेले हसू तोंडावर आणतात. फ्लॅश नसेल तर ओंजळीतली बोरे मोजण्यात गढलेल्या मुलाला आपण शेजारी बसलो आहोत याचेही भान राहत नाही. फोकस करणाऱ्या एसटीएम मोटरचा आवाजही इतका कमी आहे, की पाळण्यात झोपलेल्या बाळाजवळ ती निर्धास्त वापरता येते.

मात्र एफ १.८ चा मोह आवरावा लागतो. दीड मीटरवरून या छिद्रावर स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम सहा सेंटीमीटरचा असतो. मुलाने मान जरा वळवली की एक डोळा स्पष्ट आणि दुसरा धूसर येतो. म्हणून मी बहुतेक वेळा एफ २.८ वर, आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) वाढवून, जवळच्या डोळ्यावर फोकस ठेवून फोटो काढते. फोटोत थोडे दाणे आले तरी चालतात, हललेला चेहरा मात्र दुरुस्त होत नाही. लेन्समध्ये कंपनरोधक व्यवस्था नाही. पण धावणाऱ्या मुलांसाठी शटर वेगच वाढवावा लागत असल्याने तिची उणीव इथे फारशी जाणवू नये.

मोबाइलचा पोर्ट्रेट मोड हेच काम करतो, असे अनेकांना वाटते. तो मागची धूसरता गणिताने तयार करतो, त्यामुळे हलव्याच्या मुकुटाचे बारीक दाणे आणि जावळाचे मोकळे केस कडेने पुष्कळदा पुसले जातात. लेन्सच्या धूसरतेत ही कापाकापी नसते.

तान्ह्या पोळ्याला ही लेन्स विशेष खुलते. मोकळ्या मैदानात, उतरत्या उन्हात सजवलेला लाकडी बैल ओढणाऱ्या मुलाच्या उंचीवर आपण गुडघे टेकून बसलो, तर मागची गर्दी विरघळते आणि बैलाच्या दोरीवर आवळलेली बोटे, गळ्यातल्या घुंगरमाळेकडे लागलेली नजर एवढेच उरते. किमान फोकस अंतर ३५ सेंटीमीटर असल्याने नुसत्या बोटांचाही फोटो घेता येतो. मुले शेजारपाजारची असतील, तर त्यांच्या आईवडिलांना विचारल्याशिवाय असे फोटो कुठल्याही ग्रुपवर टाकू नयेत, हे माझे ठाम मत आहे.

अडचण येते ती लहान खोल्यांत. एपीएस-सी कॅमेऱ्यावर तिचा दृश्यकोन फुल-फ्रेमवरील ८० मिमी लेन्ससारखा अरुंद होतो, त्यामुळे नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या घराच्या माजघरात भिंतीला पाठ लावूनही आजी, बाळ आणि औक्षणाचे ताट एका चौकटीत मावत नाही. ज्यांच्याकडचे समारंभ अशाच जागेत होतात, त्यांनी आधी कॅननची २४ मिमी एफ २.८ एसटीएम घ्यावी. कॅननच्या आर मालिकेचा मिररलेस कॅमेरा असेल, तर ईएफ लेन्सला अडॅप्टर लागतो. त्याऐवजी २०२० ची आरएफ ५० मिमी एफ १.८ घेणे सोयीचे. नागपूरच्या सीताबर्डी बाजारात जुनी, वापरलेली लेन्स घेताना मोबाइलचा टॉर्च मागून लावून आतल्या काचेवर बुरशीचे जाळे नाही ना, हे दुकानातच पाहून घ्यावे.