ग्लोबमध्ये उभ्यानं नाटक: एका हंगामानंतर

एप्रिल ते ऑक्टोबर या हंगामात लंडनच्या ग्लोब थिएटरमध्ये, म्हणजे शेक्सपिअरच्या नाटकघराच्या नव्यानं बांधलेल्या प्रतिकृतीत, नऊ प्रयोग पाहिले, नऊही उभ्यानं. आपल्याकडे ज्याला पिटातला प्रेक्षक म्हणत, तो इथे उघड्या आभाळाखाली रंगमंचाला खेटून उभा असतो. १५९९ साली मूळ ग्लोबमध्ये या जागेला एक पेनी पडायची. आता पाच पौंडांपासून तिकीट मिळतं. तीन तास उभं राहायची तयारी असेल तर डोळे झाकून हेच घ्या.

लवकर रांगेत लागलात तर रंगमंचाची कड मिळते, कोपरं टेकता येतात. उशीर झाला तर मागच्या भिंतीला पाठ लावा. मधोमध ना टेका, ना आडोसा. खाली बसायला मनाई, छत्रीलाही मनाई. मी मुद्दाम घेतलेला रेनकोट जूनच्या पहिल्याच सरीत खांद्याच्या शिवणीतून गळला आणि दुकानानं पैसे परत केले नाहीत. कोट आधी घरी नळाखाली धरून बघा.

एवढं सोसायचं ते उजेडासाठी. इथे प्रेक्षागृहात अंधार होत नाही. दुपारी ऊन, रात्री नटांवर नि आपल्यावर सारखेच दिवे, त्यामुळे नटाला आपला चेहरा दिसतो. 'मी भेकड आहे का?' हे हॅम्लेटचं स्वगत मी कॉलेजात नोट्समधून घोकलं होतं, पुढे आगरकरांनी केलेल्या 'हॅम्लेट'च्या मराठी रूपांतरात, 'विकारविलसित'मध्ये (१८८३), वाचलं. त्या संध्याकाळी नट माझ्यासमोर हातभर अंतरावर उकिडवा बसला. कपाळावरचा घाम दिसत होता. तो प्रश्न त्यानं मलाच विचारला आणि माझी मान नकळत 'नाही' अशी हलली. तो क्षणभर बघत राहिला, मग पुढचं वाक्य घेतलं. घरी येईपर्यंत मी कुणाशी बोललो नाही.

इमारत १९९७ची. मूळ ग्लोब १६१३मध्ये प्रयोगात उडवलेल्या तोफेनं छप्पर पेटून जळालं. आताचं छप्परही गवतीच आहे. १६६६मध्ये लंडन जाळणाऱ्या मोठ्या आगीनंतर शहरात गवती छपराची परवानगी पहिल्यांदा याच इमारतीला मिळाली. ओकचे वासे लाकडी खुंट्यांनी जोडलेत, भिंतींच्या चुन्यात बकरीचे केस आहेत. ग्लोब पुन्हा उभारायचा ध्यास घेतलेले अमेरिकन नट सॅम वॅनामेकर १९९३मध्येच गेले. आत शिरताना दर वेळी त्यांची आठवण येते.

तक्रार एकच, डोक्यावरून जाणारी हेलिकॉप्टरं. ऐन मरणाच्या प्रवेशात घरघर सुरू होते.

पुढच्या हंगामात आई सांगलीहून येतेय. तिच्यासाठी गॅलरीतलं बाक आणि भाड्याची उशी. मी खालीच.