८×४२ दुर्बीण: पक्ष्यांसाठी घेतली, माशांवरही रोखली

वन्यजीव ओळखण्यासाठी दुर्बीण घ्यायची म्हटले की नवखा माणूस आधी "किती पट?" असे विचारतो. मीही तेच विचारले होते, आणि म्हणूनच पहिली १०×४२ (म्हणजे १० पट मोठे दाखवणारी, पुढचे भिंग अर्थात वस्तुभिंग ४२ मिलिमीटर व्यासाचे) दुर्बीण वर्षभरात मित्राच्या गळ्यात गेली. दहा पटींत प्राणी मोठा दिसतो हे खरे, पण हाताची थरथरही तितकीच मोठी होते. सध्याची ८×४२ दुर्बीण १००० मीटरवर सुमारे १३० मीटर रुंदीचे दृश्य दाखवते, म्हणजे ३० मीटरवरच्या झुडपात हुंदडणारा सातभाईंचा थवा बहुतेक सगळा नजरेत मावतो.

सातभाईंचा दाखला मुद्दाम देतो. साधा सातभाई आणि मोठा करडा सातभाई बसलेले असताना सारखेच मळकट दिसतात. उडताना मात्र मोठ्या करड्याच्या शेपटीच्या कडेची पिसे पांढरी दिसतात, आणि ही खूण क्षणभरच मिळते. ती या दुर्बिणीत चुकत नाही. उजळ आकाशासमोर मात्र पक्ष्याच्या कडेने जांभळट झालर उमटते, त्यामुळे घिरट्या घालणाऱ्या शिकारी पक्ष्याच्या पंखांच्या कडांचा रंग मी नोंदवहीत लिहीत नाही.

तिन्हीसांजेला हिची खरी किंमत कळते. ४२ मिलिमीटरच्या वस्तुभिंगाला ८ ने भागले की नेत्रिकेतून (डोळ्याकडच्या भिंगातून) बाहेर पडणाऱ्या प्रकाशवर्तुळाचा व्यास सव्वापाच मिलिमीटर येतो. दहा पटींच्या दुर्बिणीत तो ४.२ मिलिमीटरच भरतो, आणि अंधारात विस्फारलेल्या बाहुलीला हा फरक जाणवतो. रंग विझल्यावरही माळावरचे खोकड कोल्ह्यापासून वेगळे काढता येते, कारण खोकडाची झुपकेदार शेपटी धडाच्या निम्म्याहून लांब असते, तर कोल्ह्याची जेमतेम एक तृतीयांश.

माशांसाठी दुर्बीण वापरतो म्हटले की लोक हसतात. पण ही २ मीटरपर्यंत जवळचे स्पष्ट दाखवते, त्यामुळे काठावर उभे राहून उथळ, नितळ पाण्यातला मासा निरखता येतो: महाशीरच्या पाठीवर मध्यभागी आखूड पर आणि अंगावर मोठाले खवले, तर बाहेरून आणलेल्या तिलापियाच्या पाठीवर डोक्यामागून शेपटीजवळपर्यंत गेलेला एकच लांब, काटेरी पर. अडचण पाण्यावरच्या चकाकीची. त्यासाठी मी पोलराइज्ड चष्मा घालतो आणि नजर पाण्याशी साधारण ३७ अंशांचा कोन करील इतक्या अंतरावर थांबतो. त्या कोनात चकाकी जवळजवळ पुसली जाते. नेत्रिकेपासून डोळा १७ मिलिमीटर दूर ठेवूनही पूर्ण दृश्य मिळते, म्हणून चष्म्यासह हे जमते. ज्यांना नंबरचा चष्मा आहे त्यांनी खरेदीआधी हाच आकडा विचारावा.

वस्तुभिंगांची रबरी झाकणे पहिल्याच महिन्यात गळून हरवली, आणि सोबतचा पट्टा मानेला काचतो. तो मी बदलून रुंद पट्टा लावला आहे.