रिकामं आकाश दाखवणारा डबा

छोट्या विमानात ट्रॅफिक (म्हणजे आसपासची विमानं) आणि हवामान दाखवणारा रिसीव्हर घरी जुळवता येतो आणि तो चांगला चालतो. हे आधीच सांगतो, नाहीतर पुढचं वाचून कुणी त्या सगळ्या प्रकारालाच नावं ठेवायचा. स्ट्रॅटक्स नावाचं सॉफ्टवेअर २०१५ पासून फुकट मिळतं, कोड सगळ्यांसाठी खुला आहे. त्याला लागतं काय, तर एक रास्पबेरी पाय (तळहाताएवढा संगणक), दोन आरटीएल-एसडीआर डाँगल (यूएसबीला लावायचे छोटे रेडिओ), एक जीपीएस, दोन ॲन्टेना, छोटा पंखा आणि पॉवर बँक. एरवी हे सगळं दीडशे डॉलरच्या आसपास जमतं. कंपनीचा तयार रिसीव्हर त्याच्या कितीतरी पट महाग पडतो. या दोन किमतींच्या मधल्या जागेत "मी तुम्हाला जुळवून देतो" म्हणणारे लोक असतात. त्यातले बरेच जण प्रामाणिक आणि हौशी आहेत. आम्हाला भेटला तो तसा नव्हता.

आम्ही म्हणजे तिघे, ओहायोतल्या एका जुन्या सेस्ना १७२चे भागीदार. विमान असतं क्लीव्हलंडच्या क्लास बी (मोठ्या विमानतळाचं नियंत्रित हवाई क्षेत्र) भोवतीच्या ३० नॉटिकल मैलांच्या वर्तुळात. तिथे १ जानेवारी २०२० पासून एडीएस-बी आउट सक्तीचं आहे आणि ते आमच्याकडे आहे. आउट म्हणजे आपण कुठे आहोत हे आपल्या विमानाने दर सेकंदाला ओरडून सांगणं, आणि इन म्हणजे इतरांचं ओरडणं ऐकणं. ऐकण्याची सक्ती नाही. पण अमेरिकेत ऐकणाऱ्याला एक घसघशीत गोष्ट फुकट मिळते. ९७८ मेगाहर्ट्झवर एफएएचे (अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याचे) जमिनीवरचे टॉवर नेक्सरॅड या पावसाच्या रडारचं चित्र, मेटार (विमानतळावरच्या हवामानाची नोंद), टॅफ (विमानतळाचा हवामान अंदाज), पायलटांचे रिपोर्ट, बंद केलेलं हवाई क्षेत्र असं सगळं पाठवत असतात. त्याला फिस-बी म्हणतात. महिन्याची फी नाही, नोंदणी नाही.

साल २०२२. रास्पबेरी पायचा तेव्हा दुष्काळ होता. २०१६ साली ३५ डॉलरला निघालेला पाय ३ मिळेल तिथून दुप्पट-तिप्पट भावाने घ्यावा लागत होता. अशात एका फ्लाय-इनला, म्हणजे पायलटांच्या मेळाव्याला, एक गृहस्थ टेबल मांडून बसले होते. टेबलावर थ्री-डी प्रिंटरवर छापलेले नीटनेटके डबे, शेजारी टॅब्लेट, त्यावर नकाशा, नकाशावर सरकणारी विमानं, आणि लेक ईरीवर पावसाचा हिरवा-पिवळा पट्टा. आकाश निरभ्र होतं. मी पावसाबद्दल विचारलं तेव्हा उत्तर आलं, "तो तलावाच्या पलीकडच्या बाजूला आहे, इथून कसा दिसेल?" मी टॅब्लेटचे दोन-तीन फोटो काढले, घरी भागीदारांना दाखवायला. हे फोटो पुढे कामाला आले.

किंमत २६० डॉलर, वर "हवामान परवान्याचे" वर्षाला ६०. फिस-बी फुकट असतं ना, असं विचारल्यावर म्हणाला की डेटा फुकट असतो, तो उलगडणाऱ्या सॉफ्टवेअरचा हा परवाना. ऐकायला पटतं. प्रत्यक्षात ते सॉफ्टवेअर म्हणजे स्ट्रॅटक्सच, फक्त वाय-फायचं नाव आणि वरचं बोधचिन्ह बदललेलं. परवान्याचे पैसे कार्डावर घेतले. डब्याचे निम्मे कार्डावर आणि निम्मे पैसे झटपट पाठवायच्या ॲपवर, कारण "कार्डवाले कमिशन कापतात."

डबा विमानात लावला. टॅब्लेट जोडला गेला. नकाशावर आमचं विमान आलं, धावपट्टीवर आम्ही वळलो की तेही वळायचं. जीपीएस अस्सल होता, आणि तो मुद्दाम अस्सल ठेवला होता असं आता मला वाटतं. स्वतःचं विमान अचूक सरकताना दिसलं की बाकीचं पण चालू असणार असं माणूस धरून चालतो. स्टेटसच्या पानावर दोन रेडिओ जोडलेले दिसत होते. ट्रॅफिक मात्र एक नाही. रडारचं चित्र नाही.

इथून पुढे त्याच्याशी जे बोलणं झालं, त्यासाठी हे सगळं लिहायला बसलोय. त्याने एकदाही सरळ खोटं सांगितलं नाही. प्रत्येक वेळी अर्धं खरं सांगितलं.

पहिलं उत्तर: "जमिनीवर काही दिसणार नाही, वर जा." यातलं खरं असं, की ९७८चे टॉवर नजरेच्या रेषेत असावे लागतात. टॉवर जवळ नसेल तर हँगरसमोर उभं राहून हवामान येत नाही, हजार-दोन हजार फुटांवर गेलं की येतं. लपवलं काय, तर हा नियम टॉवरचा आहे, विमानांचा नाही. पस्तीस हजार फुटांवरून जाणारं प्रवासी विमान १०९० मेगाहर्ट्झवर बोलत असतं आणि ते तर थेट डोक्यावर असतं. धड रिसीव्हर घराच्या खिडकीत ठेवला तरी अशी विमानं मिनिटाभरात दिसायला लागतात. आमच्या डोक्यावरून जेटच्या पांढऱ्या रेघा जात होत्या आणि पडदा कोरा.

वर गेलो. वरही कोरा. मग दुसरं उत्तर: "तुमच्या आउटची सेटिंग तपासा. तुमच्याकडे इन आहे हे त्याने जमिनीला सांगितलं नाही, तर जमीन ट्रॅफिक पाठवत नाही." हेही खरं आहे, आणि ज्याला हे माहीत आहे तो माणूस अडाणी नव्हे. आउटच्या संदेशात आपण कोणत्या फ्रिक्वेन्सीवर ऐकतो याची नोंद असते. ती पाहून जमिनीवरचं स्टेशन आपल्याभोवती १५ नॉटिकल मैल त्रिज्येतलं, साडेतीन हजार फूट वर आणि तेवढंच खाली असलेलं ट्रॅफिक पाठवतं. नोंद चुकीची असेल तर हे मिळत नाही. आम्ही मुकाट्याने एव्हिऑनिक्सच्या दुकानात जाऊन सेटिंग तपासून घेतली, त्याचे पैसे वेगळे. सेटिंग बरोबर निघाली. पण मुद्दा तो नव्हताच. विमानाकडून विमानाकडे थेट येणारा १०९०चा संदेश जमिनीच्या मेहरबानीवर नसतो, आणि हवामान तर कोण ऐकतंय हे न पाहता सगळ्यांसाठी पाठवलं जातं. सेटिंग चुकली असती तरी पडदा पूर्ण कोरा राहायचं कारण नव्हतं.

तिसरं उत्तर ॲन्टेनाचं. सरळ उभ्या ठेवा, विंडशील्डच्या धातूच्या पट्टीपासून लांब ठेवा, एकमेकींपासून लांब ठेवा. सगळे सल्ले योग्य. कुठल्याही चांगल्या माणसाने हेच सांगितलं असतं. एव्हाना पैसे परत मागायची त्याने दिलेली मुदत सरत आली होती, आणि माझ्या मते तीन उत्तरांचं काम एवढंच होतं.

आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबाचा मुलगा इलेक्ट्रॉनिक्सवाला. तो डबा घेऊन गेला आणि संध्याकाळी त्याचा फोन आला.

"काका, हा डबा तुम्ही विमानात लावून उडालात?"

"हो. का रे?"

"यात काही दिसणं शक्यच नाही. ट्यूनर बघा ना. एफसी-००१२ आहे."

आरटीएल डाँगल मुळात टीव्ही पाहण्यासाठी निघाले. २०१२च्या सुमाराला लोकांच्या लक्षात आलं की आरटीएल-२८३२यू ही चिप कच्चा सिग्नल बाहेर देते, आणि तिथून स्वस्त सॉफ्टवेअर रेडिओचं सगळं जग सुरू झालं. पण त्या चिपसोबत दुसरी चिप असते, ट्यूनर, आणि कोणत्या फ्रिक्वेन्सीपर्यंत पोचायचं ते ती ठरवते. आर-८२०टी किंवा टी२ असेल तर साधारण २४ ते १७६६ मेगाहर्ट्झ, म्हणजे ९७८ आणि १०९० दोन्ही आरामात. एफसी-००१२ थांबतो ९४८च्या आसपास. आमच्या डब्यातल्या दोन्ही डाँगलमध्ये तोच होता, वरचं प्लास्टिक काढून, उष्णतारोधक नळी चढवून, एकावर '९७८' आणि दुसऱ्यावर '१०९०' असं सुबक लेबल लावलेलं. दोन रेडिओ जोडलेले दिसत होते ते खरंच जोडलेले होते. त्या फ्रिक्वेन्सीवर मात्र ते जन्मतः बहिरे. कृत्रिम क्षितिज दाखवणारी सेन्सरची पट्टीही छापील नावाची नव्हती, मेमरी कार्डही ३२ जीबी सांगून ८चं निघालं. पण ते सोडा, त्याने जीव धोक्यात येत नाही.

कोऱ्या पडद्याने येतो. हवामान आलं नाही तर नाही आलं हे कळतं, आपण रेडिओवर विचारतो. ट्रॅफिकचा पडदा कोरा असला तर त्याचा अर्थ 'आसपास कुणी नाही' असाही होतो, आणि बंद रिसीव्हरचा पडदा शांत आकाशाच्या पडद्यापेक्षा वेगळा दिसत नाही. म्हणून स्टेटसच्या पानावर आधी दर मिनिटाला किती संदेश येताहेत तो आकडा पाहायचा, नकाशा नंतर. आमचा आकडा दोन्हीकडे शून्य होता.

मग प्रश्न राहिला टेबलावरच्या टॅब्लेटचा. तिथे विमानं कुठून आली? फोटोतला एक होता हवामानाच्या मजकुराच्या पानाचा. मेटारमध्ये स्टेशनच्या नावानंतर सहा आकडे आणि झेड असतं. पहिले दोन आकडे तारीख, पुढचे चार युटीसीमधली (जागतिक प्रमाणवेळेतली) वेळ. फ्लाय-इन होती १८ तारखेला. फोटो मोठा करून पाहिला तर प्रत्येक मेटार १२ तारखेचा. स्ट्रॅटक्सला आधी नोंदवून ठेवलेला डेटा पुन्हा चालवायची सोय आहे. ती सॉफ्टवेअर सुधारणाऱ्यांसाठी आहे, प्रयोग करायला दरवेळी विमान उडवायला लागू नये म्हणून. यांनी तिच्यावर दुकान मांडलं होतं. तलावावरचा पाऊस खरा होता, पण सहा दिवसांपूर्वीचा.

(अस्सल यंत्रावरचं रडारही 'आत्ताचं' नसतं, हे जाता जाता. अपघातांची चौकशी करणाऱ्या अमेरिकेच्या एनटीएसबीने जून २०१२ मध्ये बजावलं होतं, की कॉकपिटमधल्या नेक्सरॅड चित्राचं खरं वय पडद्यावर लिहिलेल्या वयापेक्षा १५ ते २० मिनिटांनी जास्त असू शकतं. वादळाच्या दोन ढगांमधली फट या चित्रावर शोधू नये. यांच्या पत्रकावर ठळक अक्षरात 'लाइव्ह रडार' होतं.)

हँगरच्या ओळीत विचारपूस केली तेव्हा आणखी एक गिऱ्हाईक सापडलं. आजोबांच्या वयाचा पायलट, त्याच्या विमानात आउट नव्हतं. त्याच्या डब्यावर स्टिकर होता: '२०२० नियमांस अनुरूप'. तो हा डबा लावून क्लास सीमध्ये, म्हणजे आउट सक्तीचं असलेल्या हवाई क्षेत्रात, जायच्या बेतात होता. आरटीएल डाँगलमध्ये ट्रान्समीटर नसतोच, तो फक्त ऐकतो. आउटसाठी नियम ९१.२२५ आणि ९१.२२७ मध्ये बसणारा, टीएसओ-सी१६६बी किंवा सी१५४सी या मानकांची कामगिरी देणारा ट्रान्समीटर विमानात बसवावा लागतो. खिशात मावणारा, चार्ज करून डॅशबोर्डवर ठेवायचा रिसीव्हर त्यात कधीच येत नाही, तो कितीही अस्सल असला तरी. आपलं आउट नीट चालतंय का हे पाहायचं असेल तर एफएएच्या संकेतस्थळावर विमानाचा एन-नंबर (नोंदणी क्रमांक) आणि उड्डाणाची तारीख टाकली की अहवाल फुकट मिळतो. स्टिकरबद्दल आम्ही एफएएच्या स्थानिक फ्लाइट स्टँडर्ड्स कार्यालयाला फोटोसकट कळवलं. आमच्या अडीच-तीनशे डॉलरपेक्षा ही लबाडी मला जास्त घातक वाटते.

पैशांचं असं झालं. कार्डावरचे परत मिळाले. ठरलेला माल न देणं हे अमेरिकेच्या फेअर क्रेडिट बिलिंग ॲक्टमध्ये बिलाची चूक म्हणून धरलं जातं, पण पहिलं बिल आल्यापासून ६० दिवसांत बँकेला लेखी कळवावं लागतं. तीन उत्तरांच्या नादात ती मुदतही काठावर आली होती. ट्यूनरचे जवळून काढलेले फोटो, तारखांसकट मेटारचा फोटो आणि त्याची पत्रं जोडली, बँकेने फार प्रश्न विचारले नाहीत. ॲपवरून पाठवलेले गेले ते गेले. एफटीसी (ग्राहकांच्या फसवणुकीच्या तक्रारी घेणारी सरकारी संस्था) आणि एफबीआयचं आयसी३ (इंटरनेटवरच्या गुन्ह्यांचं तक्रार केंद्र) या दोन्हीकडे तक्रार नोंदवली आहे. एफटीसी एकेकट्याचं भांडण सोडवत नाही, पण एकाच माणसाविरुद्ध नोंदी साठल्या तर त्यांचा उपयोग होतो, तेव्हा तुमची रक्कम लहान असली तरी नोंदवा.

डब्यातला पाय खरा होता. त्यात आर-८२०टी२चे डाँगल आणि नवं कार्ड घातलं. खिडकीत ठेवला आणि चहा होईतो पडद्यावर विमानांची रांग लागली.

कुणाकडून जुळवलेला घ्यायचा असेल तर टेबलावरच्या नमुन्यावर पैसे देऊ नका. तुम्हाला जो मिळणार तोच डबा उघड्या आकाशाखाली चालू करायला सांगा आणि दिसणाऱ्या विमानांतलं एखादं फोनवर फ्लाइट ट्रॅकरमध्ये शोधा. जवळपास टॉवर असेल तर मेटारची तारीख वाचा. ट्यूनर कोणता ते लिहून घ्या. खरा हौशी असेल तर तो हे विचारायच्या आत स्वतःहून सांगतो, थांबवावं लागतं त्याला.

पुढच्या वर्षी त्याच महिन्यात 'हवामान परवान्याचे' ६० डॉलर पुन्हा कापायचा प्रयत्न झाला, या वेळी दुसऱ्याच नावाने. आम्ही कार्डाचा नंबर बदलला होता म्हणून ते जमलं नाही. असा परवाना तुम्हीही कार्डावर घेतला असेल तर नंबर आजच बदलून घ्या, नुसतं 'रद्द करा' असं पत्र पाठवून थांबू नका.