खिशातला घडीचा चाकू: ओपिनेल, पायोनिअर की डेलिका?

घडीचा चाकू घ्यायचा म्हटलं की आधी पोलादाची चौकशी सुरू होते. कुठलं पोलाद, किती कडक, धार किती दिवस टिकेल. रोज खिशात राहणाऱ्या चाकूसाठी हा प्रश्न तिसऱ्या क्रमांकाचा आहे. पहिला प्रश्न असा की धारेच्या लगेच मागे पातं किती पातळ आहे. दुसरा असा की उघडल्यावर ते कशाच्या जोरावर उघडं राहतं. पेरूची फोड सुरेख सुटते की तडकते, हे पहिल्यावर ठरतं. बोटं शाबूत राहतात का, हे दुसऱ्यावर.

म्हणून इथे तीन असे चाकू घेतले आहेत, ज्यांची पाती आणि सांधे अगदी वेगवेगळे आहेत: फ्रान्सचा ओपिनेल ८ नंबर, स्वित्झर्लंडचा व्हिक्टोरिनॉक्स पायोनिअर आणि जपानमध्ये तयार होणारा स्पायडर्को डेलिका ४. तिन्ही उत्तम आहेत. ओपिनेल सर्वांत स्वस्त, डेलिका सर्वांत महाग, पायोनिअर मधला. पण किंमत बघून निवडलात तर चुकीचा चाकू गळ्यात पडण्याची शक्यता मोठी.

ओपिनेल ८

आल्प्सच्या कुशीतल्या साव्हुआ भागात जोसेफ ओपिनेल यांनी १८९० साली हा चाकू घडवला आणि १८९७ साली आकारांना क्रमांक दिले. ८ नंबरचं पातं साडेआठ सेंटिमीटरचं, मूठ बीचच्या लाकडाची, वजन जेमतेम ५० ग्रॅम. भाग अवघे पाच: पातं, मूठ, खिळा, एक पक्की कडी आणि १९५५ साली जोडली गेलेली फिरती कडी. पातं उघडायचं, कडी बोटाने फिरवून घट्ट करायची, की पातं मिटत नाही. लॉक म्हणून एवढंच, आणि ते पुरतं. फक्त कडी आपोआप फिरत नाही. ती फिरवायला विसरलात तर हा चाकू बिनलॉकचाच आहे. उघडणं आणि कडी फिरवणं या दोन हालचाली हाताला एकदमच लावून घ्याव्यात.

याचं खरं वैभव पात्यात आहे. पाठीकडेही ते दोन मिलिमीटर जाड नाही आणि धारेकडे किंचित फुगीर उतारानं पातळ होत जातं. आंबा, टोमॅटो, पाव, चीज यांत ते अलगद उतरतं. दुप्पट महाग चाकू इथे मागे पडतात, कारण जाड पातं फळ कापण्याआधी पाचरीसारखं फाकवतं. मात्र हाच पातळपणा त्याची मर्यादाही आहे. डब्याचं झाकण उचकटायला टोक घातलंत तर टोक वाकणार, आणि पिळलंत तर धारेला दाते पडणार.

पातं दोन प्रकारांत मिळतं, कार्बन पोलादाचं आणि इनॉक्स म्हणजे स्टेनलेस. कार्बनचं पातं दगडावर भराभर धार धरतं आणि हाताला छान लागतं, पण कैरी किंवा लिंबू कापून तसंच ठेवलं तर काही मिनिटांत काळपट होतं आणि फोडीला लोखंडाची चव येते. वापरत राहिलं की त्यावर निळसर-करडा थर बसतो. तो गंज नव्हे, तो पात्याला सांभाळतो, घासून काढू नये. तांबूस रंगाचे ठिपके मात्र गंजाचे, ते लगेच काढावेत. रत्नागिरी, मालवण, गोवा, मुंबई या पट्ट्यात राहणाऱ्यांनी सरळ इनॉक्स घ्यावा. जेवणानंतर पातं पुसण्याची ज्यांना सवय आहे आणि जे घाटावर राहतात, त्यांनी कार्बनचा आनंद जरूर घ्यावा.

पावसाळ्यात खरी अडचण मुठीची असते. बीचचं लाकूड ओल पितं, फुगतं, आणि पातं खाचेत इतकं घट्ट बसतं की नखाने निघत नाही. अशा वेळी नख तुटेपर्यंत ओढू नका. कडी सैल करून मुठीचं मागचं टोक टेबलाच्या लाकडी कडेवर टकटक आपटलं की पात्याची पाठ वर येते. ती बोटांच्या चिमटीत धरून उघडावी. ही साव्हुआतलीच जुनी युक्ती आहे. कायमचा उपाय म्हणजे चाकू कोरड्या दिवसांत घ्यायचा आणि मुठीला, खाचेच्या आतल्या बाजूलाही, जवसाच्या तेलाचे तीन पातळ हात द्यायचे. प्रत्येक हातानंतर जादा तेल पुसून कोरडं व्हायला काही दिवस द्यावेत. खोबरेल किंवा शेंगदाण्याचं तेल इथे चालत नाही, कारण ते वाळून कडक होत नाही, नुसतं चिकट राहतं. आणि एक सावधगिरी: जवसाच्या तेलाचा बोळा चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. वाळताना तो आतून तापतो आणि स्वतःहून पेट घेऊ शकतो. उघड्यावर पसरून वाळवावा.

पायोनिअर

कार्ल एल्सेनर यांनी १८८४ साली ईबाख गावात व्हिक्टोरिनॉक्सचा कारखाना काढला आणि १८९१ साली स्विस सैन्याला पहिले चाकू पुरवले. १९६१ च्या नमुन्याचा ॲल्युमिनियमच्या मुठीचा सैनिकी चाकू २००८ पर्यंत वाटला जात होता. पायोनिअर हा त्याचाच नागरी भाऊ: मिटल्यावर ९३ मिलिमीटर, वजन सुमारे ७० ग्रॅम. मुठीच्या पट्ट्या ॲलॉक्सच्या, म्हणजे वर कठीण थर चढवलेल्या, खडबडीत नक्षीच्या ॲल्युमिनियमच्या. घामेजल्या हातातही त्या निसटत नाहीत आणि ओलीने फुगत नाहीत.

पात्याशिवाय त्यात भोक पाडायची एक आरी आहे, एक डबा उघडायचं अवजार ज्याचं टोक छोट्या स्क्रूला चालतं, आणि एक बाटली उघडायचं ज्याचं टोक मोठ्या स्क्रूला. यातलं शेवटचं अवजार फार मोलाचं आहे, कारण ते तुमच्या पात्याचं आयुष्य वाढवतं. रंगाच्या डब्याचं झाकण उचलणं, स्टेपल उपसणं, खोक्याची पट्टी उचकटणं ही कामं माणसं चाकूच्या टोकाने करतात आणि टोक मोडतात. इथे त्यांच्यासाठी वेगळं बोथट पोलाद हाताशी असतं.

या चाकूला लॉक नाही. पाठीमागची स्प्रिंग पात्याच्या बुडाच्या सपाट बाजूवर दाबून बसते, एवढंच. खाली दाबून कापताना काहीच धोका नाही, कारण जोर पातं उघडण्याच्याच दिशेने असतो. टोक खुपसताना किंवा रुतलेलं पातं मागे ओढताना मात्र ते बोटांवर मिटू शकतं. आरीलाही हेच लागू. पट्ट्याला भोक पाडताना आरी सरळ रेषेत दाबायची, हात डुलवायचा नाही.

पोलाद मऊसर आहे: कार्बन सुमारे अर्धा टक्का, क्रोमियम १५ टक्के. पुठ्ठ्याची दहा-पंधरा खोकी फोडली की धार मंदावते. याला दोष मानणारे बरेच आहेत, पण ती धार पाच मिनिटांत परत येते, तीही चिनी मातीच्या कपाच्या बुडाशी असलेल्या बिनचकाकीच्या कडेवर. घरी दगड नसणाऱ्या माणसासाठी हे फार मोठं सुख आहे. गंजाचा त्रास पात्याला क्वचितच होतो. तो होतो आतल्या स्प्रिंगांना, खिशातल्या घामाने आणि खाऱ्या हवेने. महिन्यातून एकदा कोमट पाण्यात भांड्याचा साबण घालून सगळी अवजारं दहा वेळा उघडमीट करायची, पूर्ण कोरडी करायची, आणि प्रत्येक सांध्यावर शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडायचा. खोबरेल नको. थंडीत ते थिजतं आणि धूळ धरतं.

पायोनिअर जड वाटला तर ८४ मिलिमीटरचा कॅडेट बघावा. तो सदऱ्याच्या खिशातही जाणवत नाही. पण त्यात आरीच्या जागी नखांची कानस आहे, हे लक्षात घेऊन निवडा.

डेलिका ४

स्पायडर्को ही अमेरिकेतल्या कोलोरॅडोची कंपनी. पात्याला गोल भोक आणि मुठीला खिशात अडकवायची क्लिप, ही जोडी तिने १९८१ साली आणली आणि एका हाताने चाकू उघडणं सोपं झालं. डेलिका बनतो जपानमधल्या सेकी गावी, जिथे तलवारी घडवण्याची परंपरा शतकांची आहे. पातं ७३ मिलिमीटर, वजन ७१ ग्रॅम, मूठ काचतंतू मिसळलेल्या नायलॉनची. अंगठा भोकात घालून ढकललं की पातं उघडतं आणि मुठीच्या पाठीवरची पट्टी खाचेत खटकन बसते. बाग, गोदाम, शिडी, बोट, जिथे दुसरा हात फांदी किंवा दोर धरून असतो, तिथे याच्याशी बाकीच्या दोघांची बरोबरीच नाही.

पोलाद व्हीजी-१०: कार्बन सुमारे एक टक्का, क्रोमियम १५. जादा कार्बनमुळे पोलादात कठीण कण तयार होतात आणि पुठ्ठा, नायलॉनची दोरी, सुतळी कापून कापून धार सहज पडत नाही. पण पडली की परत आणायला चांगला दगड आणि शांत हात लागतो. या पोलादाचा ‘बर’, म्हणजे धार लावताना कडेवर उभी राहणारी बारीक तार, चिवट असतो. तो नीट काढला नाही तर चाकू पहिल्या दिवशी वस्तऱ्यासारखा आणि दुसऱ्या दिवशी बोथट, असा अनुभव येतो, आणि मग दोष पोलादाला दिला जातो. पिळलं तर कडेचे टवके उडतात, हेही ध्यानात ठेवा.

लॉकची एकच खोड आहे. खिशातले धागे आणि धूळ खाचेत साचते, पट्टी पूर्ण खाली बसत नाही, आणि लॉक लागल्यासारखं वाटूनही लागलेलं नसतं. उघडल्यावर पाठीवरची पट्टी मुठीशी सपाट आली आहे का, हे अंगठा फिरवून बघावं. खाच काडीने साफ करता येते.

मग कुठला?

डब्यासोबत, फळांसाठी, सहलीला, खाण्याच्याच कामासाठी हवा असेल तर ओपिनेल, दुसरा विचार नको. दिवसभर खोकी आणि दोर, किंवा एक हात अडकलेला, तर डेलिका. एकच चाकू घ्यायचा आहे आणि कामं कुठली निघतील याचा नेम नाही, तर पायोनिअर. फळ तो ओपिनेलइतकं सुबक कापत नाही आणि पुठ्ठ्यात डेलिकाइतका टिकत नाही, पण चाकूने करू नयेत अशी कामं निभावणारं अवजार या तिघांत त्याच्याकडेच आहे, आणि प्रत्यक्षात दिवसभरात तीच कामं जास्त निघतात.

विकत घेताना पातं उघडून दोन बोटांत धरा आणि डावीउजवीकडे हलवा. पायोनिअर आणि डेलिकात सांध्याला जाणवेल असा खेळ नसावा. ओपिनेलची कडी घट्ट केल्यावर त्यातही नसावा. मिटलेल्या चाकूत पातं मधोमध बसलेलं असावं. पायोनिअर उजेडासमोर धरला तर स्प्रिंग आणि पट्ट्या यांच्यात फट दिसू नये, आणि मिटताना पातं स्वतःहून खटकन ओढलं जावं. धारेची परीक्षा वर्तमानपत्राच्या कागदावर करावी. फाटत जाणारा आवाज आला तर त्या जागी धार वळलेली आहे. लॉक तपासायला पाठ टेबलावर आपटू नये, हाताने बेताने दाबून बघणं पुरे.

धार

दारावर येणाऱ्या धारवाल्याच्या चाकावर हे चाकू देऊ नका. कोयता, विळी यांना ते चाक योग्य आहे. पातळ पातं मात्र त्यावर काही सेकंदांत इतकं तापतं की कडेचा कडकपणा जातो आणि नंतर कितीही घासलं तरी धार टिकत नाही. घरी १००० नंबरचा एक पाण्याचा दगड पुरतो. धार अगदीच गेली असेल तर आधी ४०० चा.

कोन मोजायला यंत्र नको. पात्याच्या रुंदीच्या एक चतुर्थांश इतकी पाठ दगडापासून उचलली की सुमारे १५ अंश होतात, एक तृतीयांश उचलली की साडेएकोणीस. म्हणजे १६ मिलिमीटर रुंद पात्याला ४ ते ५ मिलिमीटर. दगडाच्या एका टोकाला तेवढ्या उंचीची नाणी रचून पाठ त्यांवर टेकवून बघा, हाताला कोन समजतो. एका बाजूने घासत राहा, जोवर दुसऱ्या बाजूला संपूर्ण लांबीवर बर बोटाला लागत नाही. ही पायरी अर्धवट सोडली जाते आणि म्हणूनच धार लागत नाही. मग बाजू बदला. शेवटी दाब कमी करत एकेक फटका आळीपाळीने, आणि चामड्याच्या जुन्या पट्ट्याच्या खरखरीत बाजूवर पाठ पुढे ठेवून वीसेक वेळा ओढा.

कायदा

भारतात शस्त्र नियम २०१६ नुसार परवान्याच्या कक्षेत येतात ती ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची धारदार शस्त्रं. हे तिन्ही चाकू त्याच्या खूप आत आहेत. तरी महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली सणासुदीला, निवडणुकीत जमावबंदीचे आदेश निघतात आणि त्यांत सार्वजनिक जागी चाकू बाळगायला मनाई असते. त्या दिवसांत तो घरीच ठेवा. बटण दाबताच उघडणारा खटक्याचा चाकू कुठल्याच दिवशी घेऊ नये.

ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांची निवड कायद्यानेच केली आहे. तिथे योग्य कारणाशिवाय बाळगता येतो तो फक्त बिनलॉकचा, तीन इंचांपर्यंत धारेचा घडीचा चाकू. म्हणजे पायोनिअर चालतो, कडीचा ओपिनेल आणि डेलिका चालत नाहीत. जर्मनीत एका हाताने उघडून लॉक होणाऱ्या चाकूवर बंधन आहे, तेव्हा तिथेही डेलिका नको. विमानाने जाताना तिन्ही चेक-इन सामानात, आणि किल्ल्यांच्या जुडग्याला लावलेला असेल तर आदल्या रात्रीच काढून ठेवा.